जांभळ्या ठिपक्याचा बोल्ट

कपबशांच्या कारखान्यात सगळ्यात शेवटच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्या टेबलाच्या टोकाला टिचकी बसायची. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं तेवढंच. एरवी ती सगळ्यांची टिचकी. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिच्यासमोर यायचा. डाव्या तळव्यावर कप उभा करायचा, उजव्या हाताने कडेला एक टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर खाली टोपलीत. दिसायला दोघेही सारखेच गोरेगोमटे. तडा कुठे गेलाय ते भिंगातूनही दिसायचं नाही. पण टिचकीच्या कानाने एकदा बद्द म्हटलं की त्या कपाचं नशीब फुटलं. एखादा नवा सुपरवायझर हुज्जत घालायचा, "अहो बाई, चांगला धडधाकट दिसतोय की!" त्यावर टिचकी म्हणायची, "मग घेऊन जा घरी. चहा ओतल्यावर मांडी तेवढी सांभाळा."

असला कान घेऊन जगणं काही सुखाचं नसतं. पलीकडच्या घरातला नळ ठिबकायला लागला की हिची झोप मोडणार. दूध उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो, तो हिला बाहेरच्या खोलीत कळणार. लेक लहान होती तेव्हा तिला ताप यायच्या आधी श्वास थोडा कोरडा व्हायचा, तो हिला ओट्यापाशी उभं राहून ऐकू यायचा. शेजारणी म्हणायच्या, भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, इथे कानालाच घर आहे.

आणि नवरा मिळाला तो अर्धा बहिरा. तो पाण्याच्या पंपघरात फिटर होता. सगळे त्याला फिटर म्हणायचे, बायकोसुद्धा रागावली की फिटरच म्हणायची. आयुष्यभर त्या पंपांच्या धडधडीत उभं राहून त्याच्या कानांना बारीक आवाज पोचेनासे झाले होते. शिट्टी, डास आणि बायकोची कुरकुर आपल्याला ऐकू येत नाही, असं तो सांगायचा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

गाडी त्यांच्या घरी आली ती दोन घरं फिरून. रंग एके काळी निळा असावा. टिचकीने तिच्याकडे बघून "पदरी पडलं, पवित्र झालं" म्हटलं होतं आणि फिटरने विचारलं होतं, "गाडीबद्दल म्हणतेस की माझ्याबद्दल?" रविवारी सकाळचा चहा झाला की घरासमोरच्या पत्र्याच्या शेडखाली बॉनेट उघडायचं आणि फिटरचं डोकं आत जायचं. गाडी चालवण्यापेक्षा तो तिच्या पोटात जास्त असतो, अशी गल्लीत चेष्टा चालायची. ती काही खोटी नव्हती.

त्या गाडीला खोड एकच. इंजिन हवा घ्यायचं. पेट्रोल आणि हवा मिसळून ज्या नळीतून इंजिनात जाते, त्या नळीचे सांधे बोल्टांनी आवळलेले असतात. एखादा बोल्ट जरा ढिला पडला की त्या फटीतून चोरवारा आत शिरतो. इंजिनाला जेवढी हवा मोजून द्यायची त्याहून जास्त मिळते आणि त्याचं पोट बिघडतं. रस्त्यावर पळताना काही कळत नाही. थांबलं की थरथरतं आणि बंद पडतं. फटीतून हवा शिरताना अगदी बारीक सूं असा आवाज येतो, डासाच्या गुणगुणीसारखा. म्हणजे नेमका तोच आवाज, जो फिटरला ऐकू येत नव्हता.

मग त्यांची जोडी जमली ती अशी. फिटर आत बसून पायाने इंजिनाचा वेग धरून ठेवणार. टिचकी रबराच्या एका नळीचं एक टोक कानाला लावणार आणि दुसरं टोक सांध्यासांध्यांवरून फिरवणार. आतून तो ओरडणार, "वाजतंय?"

"थांबा हो. घोड्यावर बसलाय का?"

"बसलोय गाडीतच. वाजतंय का सांग!"

"वाजतंय!" आणि तिचं बोट त्या बोल्टवर.

फिटर उतरून पाना घेऊन यायचा. एकटा बोल्ट तो कधी आवळायचा नाही. मधल्यापासून सुरुवात, मग एक इकडचा, एक तिकडचा, थोडं थोडं. एकालाच पिळलं तर दुसरा रुसतो, असं म्हणायचा. मग परत आत बसायचा. "वाजतंय?" तिने "नाही" म्हटलं की काम संपलं. तिच्या 'नाही'वर तो दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

'नाही' झालं की टिचकी त्या बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची, म्हणजे कुठला कधी कसला ते कळावं. स्वतःच्या नखांना तिने जन्मात कधी रंग लावला नाही. पहिली बाटली गुलाबी. लेकीने शाळेत असताना चोरून आणलेली, आईने पकडलेली. जप्तीचा माल वाया कशाला घालवायचा म्हणून ती गाडीच्या सेवेत गेली. दुसरी गडद लाल, लेकीच्या लग्नातली उरलेली. तिसरी जांभळी, लेक माहेरी आली तेव्हा विसरून गेलेली. फिटर म्हणायचा, "माझ्या इंजिनाचा एवढा नट्टापट्टा चाललाय, आणि बायको मात्र साधी."

फिटरला एका गोष्टीची मनापासून चीड होती. काही गॅरेजवाले बोल्ट कसायचे कष्ट घेत नाहीत, सांध्यावर बाहेरून काळी पेस्ट थापतात आणि गाडी हातात देतात. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पेस्ट वाळून तडकली की पुन्हा तेच. "ही दुरुस्ती नाही, वेळ मारून नेणं आहे," तो म्हणायचा. "तुझ्या कारखान्यात कुणी तडा गेलेल्या कपावर पांढरा रंग फासला तर तू काय करशील?" टिचकी म्हणायची, "कप त्याच्या डोक्यात घालीन." यावर दोघांचं एकमत होतं, आणि त्यांच्यात एकमत व्हावं अशा गोष्टी फार नव्हत्या.

जांभळ्या बाटलीच्या काळात काहीतरी बिघडायला लागलं. एकदा कसलेला बोल्ट पूर्वी वर्ष-वर्ष बघायला लागायचा नाही, तो आता महिन्याभरात परत वाजायला लागला. टिचकी चिडवायची, "तुमचे पाने म्हातारे झाले." तो म्हणायचा, "पाने नाही गं, बोल्टचे आटे झिजलेत." ते पटण्यासारखं होतं. गाडी जुनीच होती. पण हल्ली तो मध्येच पालथ्या बादलीवर बसायचा, पाणी मागायचा, आणि पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातात धरून बसून राहायचा. त्याच्या श्वासाला खरखर यायला लागली होती. चालू इंजिनापाशी श्वास कोण ऐकतो? निदान टिचकीने स्वतःला तसं सांगितलं. ऐकू आलं नाही, की आलं आणि तिने कान दुसरीकडे वळवला, हे तिचं तिलाच ठाऊक.

लेक आली तेव्हा बाप चार पायऱ्या चढून दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलेला तिने पाहिला. ती हट्टाच्या बाबतीत बापाच्या वरताण. तिने त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवार सकाळची. फिटर डॉक्टरचं नाव काढलं की हटूनच बसायचा. रविवारी सकाळपासून बापलेकीची जुंपली. शेवटी तो शेडखाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघ, शर्यत लाव. हा कोपऱ्यातला बोल्ट सारखा वाजतोय. आज मी तो कसतो. वाजायचा थांबला तर माझा हात शाबूत आहे, डॉक्टरचं नाव काढायचं नाही. वाजला तर उद्या मुकाट्याने येतो. पंच तुझी आई."

लेक हसली. "चालेल बाबा. आईचा कान लाच खात नाही."

फिटरने पाना लावला. टिचकी शेजारीच उभी होती. पाना दोनदा सटकला. दुसऱ्यांदा त्याच्या बोटाचं साल निघालं. सदरा पाठीला चिकटला होता आणि ओठांचा रंग उडाला होता. मग तो आत जाऊन बसला, इंजिन चालू केलं आणि विचारलं, "वाजतंय?"

वाजत होतं. नळीशिवायही ऐकू आलं असतं इतकं स्वच्छ वाजत होतं.

उघड्या बॉनेटखालच्या फटीतून तिला त्याचे डोळे दिसले. त्यात चेष्टा नव्हती. तो घाबरलेला होता. लेकीसमोर हरायला घाबरला होता, आणि त्याच्यापुढे जे काही होतं त्यालाही. टिचकीसुद्धा घाबरलेली होती. डॉक्टर काय सांगेल ते तिला ऐकायचं नव्हतं. आयुष्यात एकही बद्द कप तिने पुढे जाऊ दिला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

आणि तिने त्या बोल्टवर जांभळा ठिपका दिला. लेकीने हसत हसत हार मानली आणि डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली.

पुढच्या रविवारी गाडी चालू असताना टिचकीने गुपचूप त्या कोपऱ्याशी कान नेला. आवाज नव्हता. तिने पुन्हा ऐकलं. अजिबात नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की तिने त्या दिवशी फिटरला एकाऐवजी दोन चहा दिले. म्हणजे आपलाच कान चुकला. म्हातारपण कानालाही येतं. म्हणजे आपण खोटं बोललोच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी फिटर बूट काढायला पायरीवर बसला, तो उठलाच नाही. एक बूट पायातच होता.

हॉस्पिटलमधला डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ होता. म्हणाला, हृदय वर्षभर तरी थकत आलं असणार, आधी आले असते तर औषधांवर बरीच वर्षं काढली असती. मग त्याने सहज विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

लेक रडत म्हणाली, "नाही हो. त्यांनी कळूच दिलं नाही."

 झाकली मूठ टिचकीने तशीच घरी आणली. लेकीला वाटलं, आई दुःखाने गप्प झालीय. दुःख होतंच. पण डॉक्टरचा तो प्रश्न तिच्या कानात जाऊन बसला होता, आणि तिच्या कानातून काही बाहेर जायचं नाही हीच तिची पंचाईत होती. बाजारात नवे पेले घेताना तिने टिचकी मारून बघायचं सोडलं. दुकानदार म्हणाला, "वाजवून नाही बघायचं?" ती म्हणाली, "द्या कसेही." त्यातला एक घरी येईपर्यंत फुटला.

गाडी शेडखाली उभी राहिली. टिचकीला चालवता येत नव्हती, लेकीच्या इमारतीत जागा नव्हती. भंगारवाला एकदा येऊन टायरला लाथ मारून गेला. मग दोन गल्ल्या सोडून राहणारी एक नर्स बघायला आली. तिला रात्रीच्या ड्यूटीला जायला गाडी हवी होती. तिने चालू केली, गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा तेच. "काकू, आवडली हो मला," ती म्हणाली, "पण सिग्नलला चालू राहणारी गाडी हवी. रस्त्यात रात्री बंद पडली तर मी काय करू? रविवारपर्यंत नीट झाली तर घेते."

नाहीतर भंगारवाला होताच. तो तिचे तुकडे करून विकणार होता.

लेक म्हणाली, "मेकॅनिक बोलावते."

"नको," टिचकी म्हणाली. "कुणाचा पाना लागायला नको. मी बघते."

"तू? तू कधी पाना धरलायस का?"

"धरलेला बघितलाय. तू फक्त आत बस."

फिटरने आयुष्यभर जपलेली गाडी तुकड्यांत जाऊ नये, हे खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं. टिचकीला एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि मेकॅनिक आला असता तर त्याने भराभर सगळे बोल्ट कसून तिचं उत्तर पुसून टाकलं असतं. त्या दिवशी तो कोपऱ्यातला बोल्ट खरंच ढिला होता का? घट्ट असेल, तर तिचा कान चुकला होता आणि ती सुटली. ढिला असेल, तर तिच्या एका 'नाही'ने नवरा गेला. मधलं काही नव्हतं.

रविवारी सकाळी लेक आली. टिचकीने बॉनेट उघडलं. आत सगळीकडे धूळ, आणि धुळीतून गुलाबी, लाल, जांभळे ठिपके. तिने इंजिन चालू करायच्या आधी पाना घेतला आणि कोपऱ्याकडे न जाता पहिल्यांदा एका गुलाबी ठिपक्याला लावला. अंगातली सगळी ताकद लावली. बोल्ट दगडासारखा बसलेला. दुसरा गुलाबी, तोही तसाच. कोणे एके काळी फिटरच्या हाताने तो आवळला होता आणि तो अजून सुटला नव्हता. तिला वाटलं, बरं झालं, निदान त्यांच्या हाताची फुशारकी खरी.

मग लाल. लाल बोल्ट थोडे हलले. पान्यावर अंगाचा भार टाकल्यावर हलले.

मग पहिला जांभळा. तिने पाना लावला आणि जोर करायच्या आधीच तो फिरला. नुसत्या पान्याच्या वजनाने फिरला. दुसऱ्या जांभळ्याला तिने पाना लावलाच नाही, दोन बोटांनी धरून फिरवला. तोही फिरला.

टिचकी पाना हातात घेऊन उभी राहिली. आटे झिजले नव्हते. तिने तो बोल्ट स्वतः जरा आवळून पाहिला, व्यवस्थित आवळला गेला. साठी उलटून गेलेल्या बाईच्या हाताने आवळला गेला. म्हणजे तिच्यापेक्षाही कमी ताकद त्याच्या हातात उरली होती, आणि तो दर रविवारी पाना घेऊन उभा राहत होता, चेष्टा करत होता, आट्यांना दोष देत होता. रंगारंगाने त्याची ताकद ओसरत गेलेली तिच्यासमोर होती. ठिपके तिनेच दिले होते. प्रत्येक ठिपका देताना ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"आई, चालू करू का?" लेकीने आतून विचारलं.

"कर."

इंजिन थरथरत सुरू झालं. लेकीने पायाने वेग धरला. टिचकीने नळी कानाला लावली आणि दुसरं टोक सरळ कोपऱ्यात नेलं. तिथे तो आवाज होता. बारीक सूं. ती तो विसरली नव्हती. तोच, त्या दिवशीचाच.

 म्हणजे कान चुकला नव्हता. म्हणजे ती खोटं बोलली होती, आणि तिला ते तेव्हाच माहीत होतं.

पण मग मधल्या काळात आवाज थांबला कसा?

तिने बॅटरी आणली आणि वाकून आत उजेड टाकला. जांभळ्या ठिपक्याखाली, सांध्याच्या सगळ्या कडेला, काळी पेस्ट थापलेली होती. बाहेरून. वाळून, तडकून, एका जागी तिचा पोपडा सुटला होता आणि तिथूनच वारा आत शिरत होता. पेस्ट चाकूने लावली नव्हती, बोटाने दाबली होती. एका ठिकाणी अंगठ्याचा ठसा स्वच्छ उठला होता आणि ठशावर आडवी चीर होती. पंपघरात पट्ट्यात सापडून फिटरच्या उजव्या अंगठ्यावर जो वण राहिला होता, तो.

तिला तो सोमवार आठवला. ती बाजारातून आली तेव्हा तो न्हाणीत हात धूत उभा होता, फार वेळ, साबण लावून लावून. घरात कसला तरी उग्र वास होता. "काय केलंत?" तिने विचारलं होतं. "काही नाही गं, हात मळले." आणि तिला खरंच वाटलं होतं, कारण त्याचे हात कधी मळलेले नसायचे?

त्याला कळलं होतं. फटीवर बोट ठेवलं की वारा ओढलेला बोटाला लागतो, त्याला कान लागत नाही. डॉक्टरकडे जायची वेळ होती त्याच सकाळी त्याने बोट ठेवून बघितलं असणार. आपण हरलो, आणि बायको आपल्यासाठी खोटं बोलली, हे त्याला कळलं. मग ज्या कामाची त्याला आयुष्यभर किळस होती ते त्याने केलं. तिचा 'नाही' खरा ठरावा म्हणून केलं. तिने झाकलं ते त्याने वरून लिंपलं. आणि दोघं पुढचे सगळे रविवार एकमेकांसमोर बसून चहा प्यायले.

"आई? काय झालं?" इंजिन बंद करून लेक उतरली. "रडतेयस का?"

टिचकीने तिला बॅटरीच्या उजेडात अंगठ्याचा ठसा दाखवला. आणि मग सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं. त्या दिवशी वाजत होतं हेही.

लेकीने वाकून तो ठसा पुन्हा बघितला. मग म्हणाली, "मी फोन करून वेळ रद्द केली, आई. मी. हसत केली." तिचा आवाज वर गेला. "दोघांना माहीत होतं. दोघांनाही! आणि मी हॉस्पिटलमध्ये त्या डॉक्टरला सांगत होते की आम्हाला काही कळलंच नाही. तू शेजारी उभी होतीस."

"होते."

"मग बोलली का नाहीस? तेव्हा नाही तर नंतर तरी?"

"भ्याले," टिचकी म्हणाली. "तेव्हाही आणि नंतरही. दुसरं काही कारण नाही माझ्यापाशी."

लेक शेडच्या खांबाला टेकून रडली. टिचकीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण हात काळे होते, आणि लेक जरा मागे सरली. तेलामुळे सरली की कशामुळे, हे टिचकीने विचारलं नाही. ती पुन्हा बॉनेटकडे वळली. नर्सला संध्याकाळी कळवायचं होतं.

पेस्ट काढल्याशिवाय बोल्ट नीट बसला नसता. तिला आधी वाटलं, अंगठा राहू द्यावा. बाकीची खरवडावी आणि तेवढा तुकडा सोडावा. पण फिटरने असलं काम पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं हे तिला ठाऊक होतं. तिने ब्लेडने हळूहळू सगळी पेस्ट खरवडली. अंगठ्याचा तुकडा अख्खा निघाला नाही, भुगा होऊन आत कुठे तरी पडला. मग तिने पाना लावला. मधल्यापासून सुरुवात, एक इकडचा, एक तिकडचा, थोडं थोडं. शेवटी कोपऱ्यातला. दोन्ही हातांनी, पाय रोवून, कण्हत तिने तो आवळला. तो घट्ट बसला तेव्हा तिच्या मनगटात कळ गेली.

लेक डोळे पुसून न सांगता आत जाऊन बसली होती. इंजिन चालू झालं. थरथर नव्हती. टिचकीने नळी कोपऱ्याला लावली आणि ऐकलं. सगळ्या सांध्यांवरून फिरवून परत कोपऱ्यात आली.

"वाजतंय?" आतून लेकीने विचारलं. बापाच्याच सुरात विचारलं. तिच्या ते ध्यानातही आलं नसेल.

"नाही," टिचकी म्हणाली.

हा 'नाही' खरा होता. कारखान्यात जसा असायचा तसा, खणखणीत.

लेक काही क्षण आतच बसून राहिली. मग तिने दार उघडलं आणि खाली उतरून बॉनेटपाशी आली. आईच्या हातातली नळी तिने काढून घेतली, एक टोक स्वतःच्या कानाला लावलं, दुसरं कोपऱ्यात धरलं आणि वाकून स्वतः ऐकायला लागली.

आजवर टिचकीच्या 'नाही'वर कुणी दुसऱ्यांदा कान लावला नव्हता. कारखान्यात नाही, घरात नाही. फिटरने तर तो खोटा आहे हे कळल्यावरही शब्दाने विचारलं नव्हतं. टिचकीला वाईट वाटलं, पण राग आला नाही. लेकीला तो हक्क होता. ती पदराला हात पुसत शेजारी उभी राहिली आणि लेकीचं ऐकून होईपर्यंत थांबली.